आळूच्या बहिणीला पांघरूण

इस्रायलमधल्या रामल्यात आमच्या ब्लॉकमध्ये माझं नाव झालं ते हळदीमुळे. नाव म्हणजे किती, तर तीन जिने आणि खालचा नळ एवढ्या मुलखात. मुंबईहून निघताना मी लुगड्याच्या पदराला हळदीचे दोन ओले गड्डे बांधून आणले आणि इथे ऑलिव्हच्या रिकाम्या डब्यांत लावले. ते फुटले. मग बारा वर्षं फुटतच राहिले. कोणाच्या मुलीचं लग्न निघालं की ओली हळद माझ्याकडून, कोणाचा घसा बसला की माझ्याकडून. तेवढ्यावरून मला वाटायला लागलं की मातीखाली जे जे वाढतं ते आधी मला, या मझलीला, विचारतं आणि मग वाढतं.

चौलच्या आगरात वाढलेली मी. आळू, आलं, हळद, सुरण ही माझी लहानपणची भावंडं. त्यांना माती लोटायची, वर पाला पसरायचा, आणि दोन पावसांच्या मधे कोंब कुठे उकरतोय ते बघत बसायचं. एवढं ज्ञान घेऊन मी देश बदलला. एवढ्याच ज्ञानानं मी डॉक्टरांच्या घरात शिरले.

हे दाताचे डॉक्टर. दोव त्यांचं नाव. मी त्यांच्याकडे सकाळची झाडलोट करायची. ते मला ‘गेवेरेत मझल’ म्हणत, म्हणजे मझलबाई. इतक्या मानानं आमच्या घरी मला कोणी जेवायलासुद्धा हाक मारत नाही. आमचं बोलणं हिब्रूत. त्यांची हिब्रू जर्मन इस्त्री केलेली, माझी चुरगळलेली. त्यांच्या बाहेरच्या खोलीत, जिथे दुखऱ्या गालावर हात ठेवून माणसं बसत, तिथे लोखंडी चौकटीची एक काचेची पेटी होती. पाणी, वाळू, मिरचीएवढे मासे. आणि मधोमध एक झाड.

ते झाड त्यांच्या बायकोचं. रूतबाई आणि डॉक्टर जर्मनीतून जीव घेऊन निघाले तेव्हा बाईंनी चांदीचे चमचे मागे ठेवले आणि झाकणाच्या बरणीत हे झाड आणलं. सव्वीस वर्षं त्यांनी ते पाण्यात सांभाळलं. बासष्टच्या हिवाळ्यात बाई वारल्या. त्यांच्या हाताचं जिवंत असं त्या घरात मग ते झाडच राहिलं. डॉक्टर रोज सकाळी पेटीपुढे उभे राहत, दात काढायचा कोट घालण्याआधी. बोलत नसत. नुसते उभे.

झाड दिसायला कसं? अगदी आळूची धाकटी बहीण. जाड, काळपट हिरवी पानं, आणि खाली आल्याच्या बोटासारखं आडवं खोड. महिन्याला एक पान देईल तर देईल. नाहीतर दोन महिने रुसून बसेल. ते आडवं खोड लाकडाच्या एका ढलपीला दोऱ्यानं बांधलेलं, वाळूच्या वर, उघडंच. बघून माझा जीव कळवळायचा. थंडीत कोणाचं तान्हं पोर उघडं झोपवावं तसं.

त्रेसष्टच्या ऑक्टोबरात सुक्कोतचा सण झाला आणि डॉक्टर हैफाला निघाले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एक डोळा कापायचा, मग दुसरा, मग बहिणीकडे विश्रांती, तीन महिने. जाताना माझ्या हातात किल्ली दिली आणि टाइप केलेला एक कागद.

“गेवेरेत मझल, मासे मेले तर मासे मिळतात,” ते म्हणाले. “हे झाड मात्र रूतचं आहे.”

“डॉक्टरसाहेब, तुम्ही निर्धास्त जा. आमच्या गावात असली झाडं गटाराच्या कडेला उगवतात.”

हे मी बोलले. मीच. आजही आठवलं की मी स्वयंपाकघरात तोंडावर पदर घेते, बघायला कोणी नसलं तरी.

कागद हिब्रूत, म्हणून माझी लेक झिवा हिनं वाचून दाखवला. मुंबईत ती सुझॅन होती; इथे शाळेत घातली आणि झिवा झाली. आता बावीस वर्षांची, पोस्टात नोकरीला. मराठी सगळी समजते, उत्तर मात्र हिब्रूत; आईसुद्धा म्हणायची नाही, ‘इमा’ म्हणते. मी रागावले की ती पुन्हा सुझॅन होते.

“सात कलमं आहेत, इमा,” ती म्हणाली. “एक, नळाचं पाणी दिवसभर ठेवून मग घालावं. दोन, दिवा सहा तास. तीन, माशांना चिमूटभर...”

“पुढे चल.”

“पाच. झाडाच्या आडव्या खोडावर वाळू येऊ देऊ नये. कुजेल.”

“काय?”

“वाळू येऊ देऊ नये. खाली दोन रेघा मारल्यात.”

“डॉक्टरांनी मारल्यात ना? डॉक्टरांना दाताची मुळं कळतात. झाडाची मुळं मला शिकवू नयेत.”

“इमा, दोन रेघा.”

“सुझॅन!”

सातवं कलम तिनं आपणहून वाचलं: घाई करू नये.

पहिला आठवडा मी कागदाप्रमाणे वागले. दुसऱ्या आठवड्यात थंडी पडली. सकाळी खोली झाडताना मी पेटीपुढे थांबले, त्या उघड्या खोडाकडे पाहिलं, आणि माझ्या हाताला आपोआप चौल आठवलं. हाताची चूक मनानं आधी माफ केलेली असते. बाह्या वर केल्या, दोरा तोडला, ढलपी बाजूला काढली, आणि वाळूत बोटभर खळगा करून ते खोड आत निजवलं. वर वाळू लोटली, तळव्यानं थापटली. वाटलं, सव्वीस वर्षांत या पोरीला पहिल्यांदा पांघरूण मिळालं. मी गाणंसुद्धा म्हटलं. मासे टकामका बघत होते. त्यांना बहुतेक कागद वाचता येत असावा.

आठ दिवसांनी एक पान पिवळं झालं. मी म्हटलं, जागा बदलली की सासुरवाशीण पण आधी सुकतेच. पंधरा दिवसांनी तीन पानं देठाशी सुटून पाण्यावर तरंगली. अठराव्या दिवशी पेटीतून वास आला. कुजक्या आल्याचा तो वास मला काय सांगावा लागतो! वाळू उकरली तर खोड बोटांत विरघळलं, साबणाच्या शेवटच्या चिपेसारखं. 

मी खाली बसले. दुखऱ्या दातांच्या बाकावर, माझे बत्तीस शाबूत असताना.

घरी येऊन सांगितलं. आमचे हे, मेयर, सिमेंटच्या कारखान्यातून आले होते, भुवयासुद्धा पांढऱ्या. ऐकून म्हणाले, “म्हणजे तू बाईंना दुसऱ्यांदा पुरलंस.”

मग माझं तोंड बघितलं आणि उठले. थोड्या वेळानं स्वतः चहा टाकला. आमच्या घरात याला माफी म्हणतात.

शेजारची फ्लोरा आली. तिला बातमी भिंतीतून कळते. “मझलबाय, रडतेस काय? तेल अवीवला माशांचं दुकान आहे, तिथे तसलंच झाड मिळेल. आण आणि लाव. डॉक्टरला काय दिसणार? डोळे तर कापून घेतायत.”

सांगायला लाज वाटते, पण मला तिचं बोलणं पटलं. दुसऱ्या दिवशी तरंगणारं एक पान ओल्या फडक्यात गुंडाळलं, खोडाचा उरलेला लिबलिबीत तुकडा डब्यात घेतला, आणि आगगाडीनं तेल अवीव गाठलं.

दुकानदारानं डब्याचं झाकण उघडलं आणि लगेच लावलं. “पुरलंत?”

“थोडंसं.”

“याच्यात थोडंसं नसतं, बाई. हे खोड पाण्यात श्वास घेतं. वाळूत घातलं की गुदमरतं.” त्यानं पुन्हा झाकण उघडलं, नाक वळवून चाकूनं तुकडा खरवडायला लागला. काळं, काळं, काळं. आणि टोकाशी पेराएवढा एक भाग टणक निघाला. आत फिकट हिरवं. “हे जिवंत आहे. पान नाही, मूळ नाही, पण जिवंत आहे. दगडाला बांधा. इथला पांढरा दगड नको, तो पाण्यात चुना सोडतो. काळा बघा. बांधा आणि विसरून जा.”

“किती दिवसांत फुटेल?”

“विसरून जा म्हटलं ना!”

फ्लोराचा सल्ला मी तरीही सोडला नाही. त्याच्याच दुकानातून तसलंच मोठं, नऊ पानांचं झाड घेतलं. ते डॉक्टरांच्या पेटीत ढलपीला बांधलं. कागदाबरहुकूम, उघडं. आणि रूतबाईंचं ते पेरभर उरलेलं आमच्या घरी आलं.

काळा दगड रामल्यात कुठला? सगळा मुलूख चुन्याचा. मग कोनाड्यातून माझ्या आजीच्या जात्याचा फुटका तुकडा काढला. जातं मुंबईच्या गोदीत आपटून फुटलं होतं. फेकवलं नाही म्हणून तळहाताएवढा तुकडा कपड्यांच्या घडीत आला होता. बारा वर्षं त्याचा उपयोग एकच, कोणी विचारलं की “हे काय?” तर डोळ्यांत पाणी आणायचं. त्या दगडावर मी ते पेर ठेवलं, शिवणाचा काळा दोरा तीन वेढे गुंडाळला, आणि लोणच्याच्या काचेच्या बरणीत सोडून खिडकीत ठेवलं.

विसरून जा म्हणे! मी सकाळी उठून आधी बरणी बघायची, मग तोंड धुवायची. पाणी दिवसभर ठेवून बदलायची, भाताचं पाणी ठेवावं तशा भक्तीनं. फ्लोरा येता-जाता विचारायची, “मझलबाय, हे लोणचं कधी मुरायचं?” मेयर म्हणायचे, “हळदीच्या डॉक्टरीणबाई, पेशंट कसा आहे?” झिवा काही बोलायची नाही. एकदा फक्त तो कागद बरणीखाली ठेवून गेली, दोन रेघा वर करून.

जात्याच्या दगडाजवळ बसलं की मला ओव्या सुचतात, वळणच तसं. आजी दळताना सुनेला, नणंदेला, नशिबाला टोमणे मारायची. मला टोमणा मारायला घरात एकच माणूस मोकळं सापडलं:

पाण्यातल्या रोपा, तुला मातीचं वावडं
मझल शहाणी गं, तिचं शहाणपण वाकडं

डिसेंबर उजाडला. पेर तसंच. ना काळं, ना हिरवं. मग मी शेवटचं हत्यार काढलं. एलियाहू हनाबीला, आमच्या प्रेषिताला, नवस बोलले. आम्हा कोकणातल्या ज्यू लोकांत पोर आजारी पडलं, नोकरी अडली, बोट लांबली की एलियाहू हनाबी. अलिबागेजवळ खंडाळ्याच्या खडकावर त्यांच्या घोड्याच्या टापेची खूण मी लहानपणी हात लावून पाहिली आहे. तर मी बरणीपुढे पदर पसरून म्हटलं:

एलियाहू हनाबी, तुझा घोडा पांढरा
मझलीच्या बरणीशी, घटकाभर थांब जरा

एक पान येऊ दे, मलिदा करीन. पोहे, खोबरं, साखर, पाच फळं, सगळं साग्रसंगीत. एवढ्या मोठ्या नबीला लोणच्याच्या बरणीसाठी बोलावणारी आमच्या लोकांत मी पहिलीच असेन. पण काम लहान की मोठं, हे त्यांनी आजवर पाहिलेलं नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात डॉक्टर परतले. नाकावर बाटलीच्या बुडाएवढ्या जाड भिंगांचा चष्मा. दारातून थेट पेटीपुढे गेले. मी मागे केरसुणी घट्ट धरून उभी.

बराच वेळ त्यांनी पाहिलं. मग म्हणाले, “हे इतकं हिरवं आहे?”

मी केरसुणी या हातातून त्या हातात घेतली.

“तीन वर्षं मला हे तपकिरी दिसत होतं, गेवेरेत मझल. मी रूतला म्हणायचो, तुझं झाड म्हातारं झालं. ती म्हणायची, नाही, तुझे डोळे म्हातारे झाले.” काचेवर त्यांनी बोट ठेवलं. “इतकं हिरवं होतं. आणि मी तिच्याशी भांडत होतो.”

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. त्यातून निघालं काय, तर “फरशी ओली आहे, जपून.”

घरी आले तर बरणीत पान. पेराच्या टोकाला, मुगाच्या डाळीएवढं, अजून गुंडाळलेलं. आणि खाली पांढरं मूळ, केसासारखं, जात्याला छिन्नीनं पाडलेल्या टाकीच्या खाचेत शिरलेलं. मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू. महिनाभर मागितलेलं नेमकं त्या दिवशी आलं, ज्या दिवशी माझं खोटं हिरवंगार ठरलं होतं.

नवस फेडायला हवा होता. तु बिश्वात, झाडांचा सण, पंधरा दिवसांवर. आमच्याकडे त्या दिवशी मलिदा होतोच. नणंदेच्या पार्सलातले पोहे होते, नारळ कुणीतरी हैफा बंदरावरून आणला. सगळं जुळलं. एकच अडचण. माझ्या सासूनं घालून दिलेली रीत अशी, की ज्यानं नवस बोलला त्यानं ताटापुढे उभं राहून, काय मागितलं आणि का मागितलं, ते मोठ्यानं सांगायचं. लपवलेला नवस फिटत नाही.

म्हटलं, हरकत नाही. आपलीच माणसं.

आणि त्या संध्याकाळी आमचे हे कारखान्यातून येताना कोणाला घेऊन आले? डॉक्टरांना! “बिचारे एकटे,” हे म्हणाले. “म्हटलं, चला, आमचे पोहे खा.” डॉक्टर काळा सूट घालून, हातात संत्र्यांची पिशवी घेऊन दारात. यांनीच त्यांना मानाची खुर्ची दिली आणि पाहुण्याला रीत कळावी म्हणून शेजारी झिवाला बसवलं.

मी हिशेब केला: मी मराठीत बोलेन, भराभर बोलेन. डॉक्टरांना काय कळणार?

सामाजीकाकांनी प्रार्थना म्हटली. काका आमचे हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, ऐंशीला टेकलेले, आवाज खणखणीत पण कान गेलेले. ताट मधे: भिजवलेल्या गोड पोह्यांचा ढीग, वर खोबरं, वेलची, भोवती फळं. काका म्हणाले, “मझल, बोल.”

मी हळूच म्हटलं, “एक पान मागितलं होतं.”

“काय? मोठ्यानं! एलियाहू हनाबी लांबून येतात.”

“झाडाला एक पान मागितलं होतं!”

आणि माझ्या डाव्या बाजूनं, अगदी स्वच्छ हिब्रूत, झिवाचा आवाज: “ती म्हणते, तिनं झाडाला एक पान मागितलं होतं.”

“कुठल्या झाडाला गं?” काका.

मी झिवाकडे बघून भुवया उडवल्या, ओठ चावला, ‘सुझॅन’ असं डोळ्यांनी ओरडले. पण पोर पोस्टातली; आलेलं पुढे पोचवायचं एवढंच तिला ठाऊक. काका थांबलेले, ताट थांबलेलं. नबीपुढे खोटं बोलायची छाती मला नाही. मी डोळे मिटले आणि सांगून टाकलं. पांघरूण घातलं ते, कागद ऐकूनसुद्धा मुद्दाम घातलं ते, वास, तेल अवीव, नऊ पानांचं ते दुसरं झाड, आणि खिडकीतली बरणी. माझ्या प्रत्येक वाक्याच्या पाठोपाठ झिवाचं वाक्य. अर्ध्यावर तिला उमगलं की आपण काय करतोय; आवाज कापला, पण थांबली नाही. शेवटचं वाक्य तर तिनं माझ्यापेक्षा नीट सांगितलं: “तिला वाटलं, त्याला थंडी वाजते.”

फ्लोरानं उचललेलं खोबरं ताटात परत ठेवलं.

डॉक्टर उठले. “बरणी कुठे आहे?”

मी आणून दिली. त्यांनी ती दिव्याजवळ धरली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पान तोवर उलगडलं होतं, नखाएवढं, फिकट पोपटी.

“मी तिच्या कबरीवर जाऊन आलो,” ते म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही. “सांगून आलो, तुझं झाड हिरवं आहे म्हणून.”

झिवानं हे कोणासाठी मराठीत केलं नाही. गरज नव्हती.

बरणी मांडीवर घेऊन ते बसून राहिले. मलिदा वाटला, त्यांनी हातात घेतला आणि धरूनच ठेवला. जाताना बरणी खिडकीत परत ठेवली, पोहे रुमालात बांधले, आणि मेयरना मान लववून निघून गेले. मला काही म्हणाले नाहीत.

दोन दिवस मी गेले नाही. तिसऱ्या दिवशी किल्ली परत करायला निघाले. हे म्हणाले, “मी येऊ?” मी म्हटलं, “नको. बोलवायच्या माणसांत तुमची निवड मला कळली आहे.”

डॉक्टरांनी दार उघडलं. दाराशीच बादली, बादलीत ते नऊ पानांचं झाड.

“हे तुमचं,” ते म्हणाले. “घेऊन जा. आणि माझं आणा.”

मी जवळजवळ धावतच गेले आणि बरणी छातीशी धरून आले. त्यांनी दाताच्या कामाची बारीक कात्री घेतली, झाड दगडावरून सोडवायला दोरा कापायला लागले.

“नका!” मी ओरडले. “दगड धरलाय त्यानं. ओढलंत तर मूळ तुटेल.”

त्यांनी भिंगांतून बघितलं. टाकीच्या खाचेत गेलेलं ते केसासारखं मूळ.

“हा दगड कसला?”

“माझ्या आजीच्या जात्याचा. दळायचं जातं. चौलचं.”

“मग हा तुम्हाला परत हवा असेल.”

तो तुकडा म्हणजे माझं सगळं गाव. पण गावाचा उपयोग इतकी वर्षं मी फक्त रडायला केला होता. “राहू दे,” मी म्हटलं. “त्याला सांभाळायला कोणी हवंच होतं.”

दगडासकट त्यांनी ते पेटीत ठेवलं. मोठ्या पेटीत ते इतकंसं दिसलं, की एक मासा येऊन त्याला हुंगून गेला.

मी किल्ली टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचलून माझ्या हातात परत दिली, आणि वर एक कागद. नवा, टाइप केलेला. “वाचा,” म्हणाले.

“लेक वाचून दाखवेल.”

“नाही. लेकीनं वाचलेलं तुम्ही ऐकत नाही. तुम्ही वाचा.”

तर मी, पन्नाशी उलटलेली बाई, दुखऱ्या दातांच्या बाकावर बसून अक्षराला अक्षर जोडत वाचायला लागले. सात कलमं तीच. पाचव्याखाली आता तीन रेघा. आणि खाली एक नवीन, ते वाचायला लागलेला वेळ मी सांगत नाही:

आठ. गेवेरेत मझलनं रोज पाहावं. हात पाठीमागे.

आता मार्च लागला आहे. तिसरं पान येतंय. तिसरं म्हणजे अजून एक हिरवी सुई. मी रोज सकाळी झाडून झालं की पेटीपुढे उभी राहते. डॉक्टर उभे असतातच. ते त्यांच्या बायकोशी गप्प असतात, मी माझ्या आजीशी. माझे हात पाठीमागे असतात, नियमाप्रमाणे. थंडीची सकाळ असली की बोटं तिकडे एकमेकांत वळवळतात, वाळू लोटायला शिवशिवतात. मी त्यांना पदराखाली घट्ट धरून ठेवते. पांघरूण घालायचंच असेल तर त्या बोटांनाच घालते.